सोवळ्यातला जोड

माझ्या पाहण्यात आलेला एकमेव पूर्णपणे तत्त्वनिष्ठ माणूस म्हणजे रघोत्तमराव. तत्त्व दर दोन-तीन महिन्यांनी बदलायचं. निष्ठा मात्र कधी ढळली नाही. एका उन्हाळ्यात त्यांचं तत्त्व होतं की माणसानं डाव्या कुशीवर झोपावं, आणि गल्लीतल्या निम्म्या बिऱ्हाडांच्या माना अवघडल्या. पुढच्या पावसाळ्यात ते होतं की कॉफीत साखर आधी आणि दूध शेवटी. आणि ज्या वर्षाबद्दल मला सांगायचं आहे, साधारण पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट, त्या वर्षी त्यांचं तत्त्व असं होतं की मोटारीच्या मागं घर जोडायचं असेल, तर घर कसंही असो, मोटार कशीही असो, जोड निर्दोष हवा.

आम्ही एकाच शाळेत शिकवायचो. ते पदार्थविज्ञान, मी इतिहास. राहायचोही एकाच गल्लीत, तंजावूरच्या राजवाड्यामागं, जिथं घरात मराठी, ओट्यावर तमिळ आणि भांडण वाढलं की इंग्रजी चालायचं. रघोत्तमराव उंच आणि सडपातळ. धोतर, वर गळाबंद कोट, डाव्या खिशात तपकिरीची डबी. कुठलाही निर्णय घेण्याआधी तपकिरीची चिमूट आणि कुठल्याही वाक्याआधी ‘तत्त्वतः’ हा शब्द. ‘तत्त्वतः पाऊस येणार नाही,’ असं म्हणून ते भिजत घरी यायचे आणि अंग पुसताना पाऊस कुठं चुकला ते समजावून सांगायचे. शाळेतली पोरं त्यांना ‘तत्तुवम् सार’ म्हणायची. हे त्यांना ठाऊक होतं आणि ती पदवी आहे अशी त्यांची समजूत होती.

त्यांच्या सायकलीला छत्री एका गाठीनं, डबा दुसऱ्या गाठीनं आणि वह्यांचा गठ्ठा तिसऱ्या गाठीनं बांधलेला असे. प्रत्येक गाठीमागं विचार होता. चाकात हवा नसायची, पण हवा हा जोडणीचा विषय नव्हे.

माणूस हुशार होता, याबद्दल शंका नको. एकदा शाळा तपासायला इन्स्पेक्टर आले. देह असा की सरकारी जीप एका अंगानं चालायची. रघोत्तमराव तरफेचा पाठ घेत होते. साहेब मागच्या लांब बाकाच्या अगदी टोकाला टेकले. रघोत्तमरावांनी प्रश्न विचारला, आणि त्या बाकावरच्या पोरांना उत्तर येत असल्यामुळं ती सगळीच्या सगळी उभी राहिली. बाकाचं रिकामं टोक वर गेलं, साहेब खाली गेले. रघोत्तमराव शांतपणे बाकापाशी गेले, हवेत उठलेल्या टोकाला पट्टी लावली आणि म्हणाले, “आधाराच्या पलीकडं वजन गेलं, की अलीकडचं टोक उठतं. हे साहेबांनी आता स्वतः दाखवलं.” मग ते पुढच्या प्रश्नाकडं वळले. साहेबांना उचलायचं काम शिपायानं केलं.

असा हा माणूस जगात एकाच व्यक्तीला भ्यायचा. ती म्हणजे त्याची भागीरथीआत्या.

आत्या लहानपणीच विधवा होऊन भावाकडं परत आल्या होत्या. भाऊ आणि भावजय लवकर गेले आणि राघूला आत्यांनी वाढवलं. चणीनं एवढ्याशा, तांबड्या लुगड्यातल्या. पण त्या ओट्यावर आल्या की गल्लीतली गाढवंसुद्धा कडेनं चालायची. त्यांचं सोवळं तंजावुरात प्रसिद्ध होतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत त्यांच्याशिवाय कुणी जायचं नाही. बाहेरचं अन्न नाही, बाहेरचं पाणी नाही, आणि ज्या आगगाडीच्या डब्यात कोण बसून गेलं हे ठाऊक नाही, त्या डब्यात बसणं नाही. चामड्याचा तर वारासुद्धा चालायचा नाही. मी चप्पल गल्लीच्या तोंडाशी काढून त्यांच्याकडं जायचो, तरी त्या विचारायच्या, “बापू, कुठं काढलीस ते सांग, मी इथूनच पाहते.”

या सोवळ्याची किंमत एकच होती आणि ती मोठी होती. त्यांची धाकटी बहीण तुंगा लग्न होऊन कोइमतूरला गेली ती गेलीच. आत्यांना आगगाडी चालत नव्हती आणि तुंगाबाईंचे पाय आता चालत नव्हते. तुंगाबाईंचा मुलगा गिरणीत साहेब. त्याच्या घरी कांदा शिजतो असं आत्यांच्या कानावर होतं. म्हणजे समजा उडून कोइमतूरला गेलं, तरी तिथं जेवायचं काय? दोघी बहिणी सत्तरीच्या घरात आलेल्या. आत्या याबद्दल बोलायच्या नाहीत. फक्त एखाद्या संध्याकाळी, दारातून जाणाऱ्या कुणाला सहज विचारायच्या, “कोइमतूरहून आलं का रे कोण?” मग आत जायच्या.

एके दिवशी मोठ्या देवळासमोरच्या मोकळ्या जागेत एक गोरं जोडपं उतरलं. निलगिरीतले चहामळेवाले, देऊळ पाहायला आलेले. त्यांच्या मोटारीमागं एक चाकांचं घर जोडलेलं होतं. खिडक्यांना पडदे, आत पलंग, शेगडी आणि एक नळ. देवळातून परतताना आत्या तिथं थांबल्या. मडम आत बशा धूत होती. आत्यांनी दारातून मान घातली. मडम इंग्रजीत काहीतरी म्हणाली, आत्या मराठीत काहीतरी म्हणाल्या, आणि दोघींनी मिळून नळ उघडून पाहिला. मग आत्या बाहेर आल्या.

“राघू, ही चूल हिच्याबरोबर फिरते की काय?”

“होय आत्या. अस्कं फिरतं. चूल, पाणी, अंथरूण, सगळंच.”

“म्हणजे परगावी गेली तरी हिला दुसऱ्याचं खायला नको.”

“नको.”

“आणि हिच्या चुलीला दुसरं कोण शिवत नाही.”

“नवरा शिवत असेल.”

“ते तिचं तिनं पाहावं.” आत्यांनी त्या घराभोवती देवळाला घालतात तशी एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाल्या, “मला असलं एक पाहिजे. तुंगाकडं जायचं आहे.”

रघोत्तमरावांनी तपकीर ओढली. “तत्त्वतः,” ते म्हणाले, “शक्य आहे.”

दुर्दैव असं, की त्या चहावाल्यानं निघताना त्यांना मोटार आणि घर यांमधला सांधा कौतुकानं दाखवला. मोटारीच्या मागं एक लोखंडी गोळा, घराच्या दांडीच्या टोकाला एक लोखंडी वाटी, आणि वाटी गोळ्यावर बसली की खालून एक खटका. साहेब म्हणाला, खरा प्रश्न घराचा नसतोच, जोडाचा असतो. हे वाक्य रघोत्तमरावांच्या कानावर पडलं नसतं, तर पुढचं पुष्कळसं टळलं असतं.

मोटार होती. मन्नारगुडीच्या त्यांच्या वकील सासऱ्यांची, युद्धापूर्वीची, अमेरिकन. सासरे वारले तेव्हा ती जावयाकडं आली, कारण वकिलांच्या मुलांना तिच्या पेट्रोलची भीती वाटायची. घरासाठी त्रिचीला लष्कराच्या जुन्या सामानात दोन चाकांचा एक सांगाडा मिळाला. त्यावर घर बांधलं ते देवांची वाहनं घडवणाऱ्या सुतारानं. त्याला चौकोनी पेटी करा म्हणून सांगितलं होतं. पण त्याच्या हाताला सवय वेगळी. छपराच्या चारी कोपऱ्यांवर कमळं उमलली आणि दाराच्या दोन्ही बाजूंना दोन मोर बसले. उत्सवमूर्ती तेवढी नव्हती. आत्यांनी घर पाहिलं, पसंत केलं आणि गंगाजल शिंपडलं. रघोत्तमरावांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या वैनींनी, या सबंध प्रकरणात एकदाच मत दिलं. त्या म्हणाल्या, “मी घरी राहते.”

आता राहिला जोड.

पुढं कित्येक आठवडे रघोत्तमरावांच्या ओट्यावर तीन लोखंडी वस्तू फडक्यावर मांडलेल्या असायच्या. संध्याकाळी शाळा सुटली की गल्लीतली मंडळी त्यांच्याभोवती जमायची. पहिला होता लष्करी आकडा. घराच्या दांडीला कडं, ते आकड्यात अडकवायचं. दुसरी होती शेतावरच्या ट्रॅक्टरची खीळ. दोन पट्ट्यांमध्ये दांडी घालायची आणि वरून खीळ ठोकायची. तिसरा गोळा आणि वाटी, त्या चहावाल्याच्या पत्त्यावर विचारून मद्रासहून मागवलेले.

“आकडा मजबूत,” एक निवृत्त तहसीलदार म्हणायचे. “त्यानं तोफा ओढल्या आहेत.”

“तोफा ओढल्या म्हणूनच नको,” रघोत्तमराव म्हणायचे. “कडं आकड्यात सैल असतं. मोटार थांबली की घर मागून धक्का देणार, निघाली की हिसका देणार. तोफेला धक्का कळत नाही. आत्याला कळतो.”

“मग खीळ.”

“खिळीला डावं-उजवं कळतं, वर-खाली कळत नाही. रस्त्याला खड्डा आला की एक तर खीळ वाकेल, नाही तर दांडी.”

“देवळाच्या रथाला कुठं आहे जोड?” पलीकडचे एक आजोबा विचारायचे. “दोर घ्या, माणसं लावा.”

“कोइमतूरपर्यंत?”

“माणसं काय, बदलत जायची.”

हे ऐकायला मजा यायची, आणि खरं सांगायचं तर रघोत्तमरावांचं म्हणणं बरोबर होतं. गोळा-वाटी सगळीकडं फिरते, सैल राहत नाही, आणि वजन नीट पेलते. त्यांनी कागदावर बाण काढून ते सगळ्यांना दाखवलं. गोळ्याचा व्यास आणि वाटीचा व्यास मापून पाहिले, एकमेकांत इतके नेमके बसत होते की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. निर्णय झाला. आणि तेवढ्यात आत्या ओट्यावर आल्या.

“राघू, तुझ्या मोटारीत गाद्या कसल्या?”

गाद्या चामड्याच्या होत्या.

“मी मोटारीत बसत नाही, घरात बसते, ते सेरी, ठीक आहे. पण मोटार लोखंडाची, हा गोळा लोखंडाचा, ही वाटी लोखंडाची आणि माझं घर वाटीला. मग ते चामडं माझ्या चुलीपर्यंत आलंच की.”

विटाळ लोखंडातून वाहतो की नाही, यावर पदार्थविज्ञानात काही नाही. गल्लीच्या टोकाच्या शास्त्रीबुवांना बोलावलं. शास्त्रीबुवांनी तिन्ही वस्तू दुरूनच पाहिल्या आणि विचारात पडले. आजवर त्यांना असा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि माहीत नाही असं उत्तर त्यांनीही आजवर दिलं नव्हतं. अखेर ते म्हणाले की धातूतून वाहतो. मात्र रेशमानं अडतो. मध्ये रेशीम असेल तर हरकत नाही.

कुणीही दुसरा असता तर इथं हसला असता. रघोत्तमरावांनी तपकीर ओढली, तिन्ही जोडांकडं नव्या नजरेनं पाहिलं आणि म्हणाले, “आकड्यात रेशीम टिकणार नाही, कातरलं जाईल. खिळीत फाटेल. गोळ्याला मात्र नेसवता येतं.” तत्त्व आणि धर्म एकाच गोळ्यावर येऊन मिळाले होते. इतकं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर नंतर कधी पाहिलं नाही.

आत्यांनी आपल्या जुन्या सोवळ्याचा एक तुकडा काढून दिला. अस्सल, जाड, जुनं रेशीम. तो वाटीत घातल्यावर वाटी गोळ्यावर बसेना, कारण दोन्हींची मापं आधी इतकी नेमकी होती. शेवटी गल्लीच्या लोहारानं घण घातला आणि जोड बसला. खटका लावताना त्यालाही घणच लागला. आत ग्रीस घालावं असं लोहार म्हणाला. ग्रीसमध्ये कुठल्या प्राण्याची चरबी असते असं आत्यांनी विचारलं. त्याला ते सांगता आलं नाही. तिळाचं तेल घातलं.

राहिला सामानाचा प्रश्न. चाकं घराच्या मधोमध होती. आत्यांचं म्हणणं, स्वयंपाकघर मोटारीपासून, म्हणजे त्या गाद्यांपासून, जितकं दूर जाईल तितकं बरं. म्हणून ते अगदी मागच्या टोकाला. तिथं दगडी रगडा, कावेरीच्या पाण्यानं भरलेले पितळी हंडे, तांदळाचं पोतं, चिंचेची बरणी आणि लाकडं. पुढच्या टोकाला देवांचा लहानसा डबा आणि आत्यांची चटई.

“आत्या,” रघोत्तमराव म्हणाले, “रगडा थोडा पुढं घेऊ या. तत्त्वतः घराचं नाक जोडावर जरा दाबून बसायला पाहिजे. मागं वजन झालं की नाक उठतं.”

“देवापुढं रगडा?”

“निदान एक हंडा.”

“चामड्याच्या बाजूला पाणी? नक्को. तू एवढे दिवस तो जोड निवडत होतास ना? मग धरू दे त्याला.”

रघोत्तमरावांनी ते मान्य केलं. रात्री मी त्यांना म्हटलं, “अहो, तुम्ही वर्गात नेमकं उलट शिकवता.”

“वर्गात आत्या नसते,” ते म्हणाले. थोडा वेळ त्यांनी डबीशी चाळा केला. “बापूराव, तिनं मला आयुष्यात कधी काही मागितलं नाही. आता तुंगामावशीला भेटायचं म्हणते. तिला नाही म्हणून सांगायचं मला जमणार नाही. पण जोड चांगला असला, तर तत्त्वतः वजन कुठंही चालतं.”

आयुष्यात अशा अनेक लोकांना मी पाहिलं आहे, की ज्यांना घरात एक वाक्य बोलता येत नाही, म्हणून ते बाजारातून भारी वस्तू आणतात. त्या सगळ्यांत लोखंडाची वस्तू आणणारे रघोत्तमराव एकटेच.

निघायच्या दिवशी सकाळी गल्ली लोटली होती. मोटारीला हार, मोरांना हार. आत्या आत जाऊन बसल्या आणि दार लावून घेतलं. रघोत्तमरावांनी स्टिअरिंग हातात घेतलं. माझी नेमणूक मागच्या आसनावर, उलट्या तोंडानं, काचेतून जोडाकडं पाहत राहण्यासाठी झाली होती. काही वेगळं दिसलं की सांगायचं.

वेगळं लगेचच दिसलं. घराचं नाक वर होतं आणि त्यानं मोटारीचं बूड थोडं उचललं होतं.

“मागून उचलल्यासारखं वाटतं,” मी म्हणालो.

“मोटार आज हलकी चालते आहे,” रघोत्तमराव आनंदानं म्हणाले.

वल्लम गाव मागं टाकेपर्यंत बरं चाललं. मग रस्ता उताराला लागला. मला काचेतून मोर आधी डावीकडं गेलेले दिसले, मग उजवीकडं, मग पुन्हा डावीकडं, जरा जास्तच. आमची मोटारही तशीच डोलू लागली. मी सांगितलं. रघोत्तमराव म्हणाले, “जोड पाहा. जोड ठीक आहे ना?” जोड ठीक होता. त्यांनी ब्रेक दाबला. घर आमच्या बाजूला आलं, मी आणि मोर क्षणभर समोरासमोर होतो, आणि मग घर रस्ता सोडून भुईमुगाच्या शेतात उतरलं. दुसरा कुठला जोड असता तर एव्हाना सुटला असता आणि आम्ही रस्त्यावर राहिलो असतो. हा सुटला नाही. घरानं आम्हांलाही बरोबर नेलं.

धूळ खाली बसली. घर एका अंगाला कललेलं, मोटार त्याच्याशी कोन करून उभी. रघोत्तमराव दार उघडून धावले ते सरळ जोडापाशी. गुडघ्यावर बसले, हात फिरवला.

“बापूराव, पाहा. केसभर सुटला नाही.”

घराचं दार उघडलं. आत्या चौकट धरून उभ्या होत्या. अंगावर तांदूळ, पायाशी चिंच.

“मी आहे की गेले,” त्या म्हणाल्या, “तेसुद्धा एकदा पाहून घे.”

त्यांना काही लागलं नव्हतं. हंडे मात्र कलंडले होते आणि कावेरीचं सगळं पाणी भुईमुगाला मिळालं होतं.

शेताचा मालक आला, त्याची बायको आली, मग शेजारपाजारची बैलजोडी असलेली माणसं आली. घर हलकं केल्याशिवाय बैलांना ओढवेना. म्हणजे सामान बाहेर काढायला पाहिजे, म्हणजे कुणीतरी आत जायला पाहिजे. रघोत्तमरावांनी आत्यांकडं पाहिलं. आत्या दुसरीकडं पाहत होत्या. मग दोघं शेतकरी पायांच्या चिखलासकट आत शिरले आणि रगडा, पोतं, हंडे, बरणी, लाकडं असं सगळं एकेक करून बाहेर आलं. ज्या स्वयंपाकघरात चामड्याचा वारा येऊ नये म्हणून एवढं केलं, ते आता बांधावर मांडलेलं होतं आणि एक शेळी तांदळाचा वास घेत होती.

ऊन चढलं. मालकाच्या बायकोनं लोट्यातून ताक आणलं. मला दिलं, रघोत्तमरावांना दिलं आणि आत्यांपुढं धरून उभी राहिली. आम्ही दोघंही ताक प्यायचं विसरलो. आत्यांनी त्या लोट्याकडं पाहिलं. मग ओंजळ पुढं केली, वरून ओतून घेतलं आणि प्यायल्या. पुन्हा ओंजळ पुढं केली.

“मीठ कमी आहे,” त्या तमिळमध्ये त्या बाईला म्हणाल्या. “पण ताजं आहे.”

दुपारी बैलांनी जाड काथ्याच्या दोरानं मोटार आणि घर दोन्ही रस्त्याच्या कडेला आणलं. घराचं एक चाक मोडलं होतं. ते पुढं जाणं शक्यच नव्हतं. आता जोड सोडायचा आणि मोटारीनं जायचं. आत्या म्हणाल्या, “चामडं तर चामडं. मला तुंगाकडं ने.”

रघोत्तमरावांनी खटका दाबला. खटका हलेना. दगडानं ठोकला. मालकाच्या पहारीनं उचकटून पाहिला. रेशीम, तिळाचं तेल, घण आणि एवढा हेलकावा, यांनी मिळून आत काय केलं होतं कुणास ठाऊक. गोळा आणि वाटी एकजीव झाली होती. चार माणसं दांडीवर बसली, दोन मोटारीवर चढली. जोड निघाला नाही.

“तत्त्वतः,” रघोत्तमराव घाम पुसत म्हणाले, “असा जोड पुन्हा जमणार नाही.”

एवढ्यात त्रिचीला जाणारी बस लांबून दिसली. माणसं, टोपल्या, टपावर केळीचे घड. आत्यांनी पदर खोचला, देवांचा डबा काखेत घेतला, रस्त्याच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. बस थांबली.

“आत्या, अगं बसमध्ये कोण कोण असतं. आणि पुढं त्रिचीहून आगगाडी—”

“राघू,” आत्या पायरीवर एक पाय ठेवून म्हणाल्या, “माझं घर शेतकऱ्यांनी पाहिलं, बैलांनी पाहिलं, शेळीनं पाहिलं. आता जपायला मागं काय राहिलं? तुंगा तेवढी राहिली आहे. तू त्या जोडापाशी बस. मी येते जाऊन.”

त्या आत गेल्या. एका कोळिणीनं सरकून जागा दिली. आत्या बसल्या.

रघोत्तमराव जोडापाशी उभे होते. एक हात अजून वाटीवर होता. त्यांनी जोडाकडं पाहिलं, बसकडं पाहिलं, मग खिशाकडं हात नेला. मला वाटलं, तपकीर. पण डबी त्यांनी काढलीच नाही. कंडक्टरनं शिटी मारली, बस हलली, आणि मी त्या माणसाला पहिल्यांदाच ‘तत्त्वतः’ न म्हणता काही करताना पाहिलं. ते धोतर सावरत पळाले आणि चालत्या बसच्या मागच्या दाराला लटकले. कुणीतरी कोटाला धरून त्यांना आत ओढलं. मी तिथंच, शेळी, रगडा आणि जोड यांच्यासह.

ती दोघं कोइमतूरला पोचली. आत्या तिथं महिन्यांमागून महिने राहिल्या. तिथं काय जेवल्या हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारायची छाती गल्लीत कुणाला नव्हती. परत आल्या त्या आगगाडीनं, आणि दुसऱ्या दिवसापासून उंबऱ्याच्या आत पुन्हा कुणी जायचं नाही. पुढच्याच वर्षी तुंगाबाई गेल्या. ती बातमी आली तेव्हा आत्या ओट्यावर बराच वेळ बसून राहिल्या आणि रघोत्तमराव त्यांच्याशेजारी. दारातून जाणाऱ्याला कोइमतूरबद्दल त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

दांडी शेवटी करवतीनं कापावी लागली. मोटार परत आली, मागं गोळ्यावर ती वाटी तशीच घेऊन. घर मात्र तिथंच राहिलं, कारण ते आणायचं तर नवा जोड निवडावा लागला असता, आणि ते काम रघोत्तमरावांनी या जन्मापुरतं संपवलं होतं.

पासष्टच्या सुमारास मी बसनं त्रिचीला चाललो होतो. आत्या जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती, रघोत्तमराव सेवानिवृत्त झाले होते. वल्लमच्या पुढं बसचं चाक पंक्चर झालं आणि आम्ही सगळे खाली उतरलो. शेताच्या कडेला चार कोपऱ्यांवर कमळं असलेलं छप्पर दिसलं. मोरांचा रंग उडाला होता. पायरीवर गळाबंद कोट घातलेला एक म्हातारा बसला होता, समोर उकिडवा शेताचा मालक. रघोत्तमराव हवेत बोटानं बाण काढून त्याला काहीतरी समजावून देत होते, आणि आवाज इतका खाली ठेवला होता की मला एक शब्दही ऐकू येईना. एवढ्या हळू बोलताना मी त्यांना शाळेतही कधी ऐकलं नव्हतं.

मी मालकाच्या बायकोला विचारलं, सारांची तब्येत बरी नाही का. ती म्हणाली, तब्येत बरी आहे. आत कोंबड्या अंड्यांवर बसल्या आहेत.